रिकामे पिंप खरेच रिकामे असते का?

बिअरच्या कारखान्यात परत आलेले स्टीलचे पिंप धुऊनच पुन्हा भरतात. आत दोन प्रकारची घाण असते. प्रथिनांचा व यीस्टचा थर गरम कॉस्टिक सोड्याने सुटतो. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा टणक थर, म्हणजे ‘बिअरस्टोन’, सोड्याला दाद देत नाही. तो फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्लाने काढतात. राहिलाच, तर त्याच्या आडोशाला जंतू तग धरतात व नवी बिअर नासवतात.

मग पिंप येताच त्यात सोडा का सोडत नाहीत? कारण आत कार्बन डायऑक्साइड असतो. सोडा तो शोषून घेतो व सोडियम कार्बोनेट तयार होते. त्यामुळे सोड्याचा जोर कमी होतो, शिवाय आतला दाबही घटतो. पातळ पत्र्याची मोठी, बंद टाकी असेल तर बाहेरच्या हवेच्या दाबाने ती चेपते! म्हणून आधी हा वायू हुसकून लावतात. मग सोडा, पाणी, आम्ल, पुन्हा पाणी आणि शेवटी निर्जंतुक करण्यासाठी वाफ.

कॉस्टिक सोडा न वापरताही हे वर्गात दाखवता येईल. व्हिनेगर व खाण्याच्या सोड्यापासून मिळवलेला कार्बन डायऑक्साइड मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. थोडे थंड पाणी घाला, घट्ट बूच लावून हलवा. बाटली का चेपते, ते मुलांनाच सांगू द्या.