फिकट रेघ दिसली तर काय समजायचे?

पाळी चुकली, किट आणले, लघवीचे थेंब टाकले. ‘सी’समोर गडद रेघ आली, ‘टी’समोर मात्र आहे-नाही अशी. मग घरात दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात दिवस गेले, शेजारीण म्हणते असली रेघ खरी नसते.

किट लघवीतले एचसीजी नावाचे संप्रेरक ओळखते. गर्भ रुजल्यावरच ते तयार होऊ लागते आणि सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. त्यामुळे रेघ फिकट असली तरी रंगीत असेल आणि किटवर लिहिलेल्या वेळेत (बहुतेक किटवर पाच मिनिटे) उमटली असेल, तर दिवस गेले असण्याचीच शक्यता जास्त. सकाळचे किट दुपारी पुन्हा पाहिले आणि तेव्हा करडी रेघ दिसली, तर ती धरू नये. लघवी वाळल्यावरही तशी खूण राहते. ‘सी’समोरच रेघ नसेल तर ते किट बाद.

दोन-तीन दिवस थांबा आणि नव्या किटवर पुन्हा तपासा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. सार्वजनिक संडासाच्या रांगेत हे जमत नाही, म्हणून घरच्या मोरीतच स्वच्छ, कोरड्या वाटीत धरावी. रात्री खूप पाणी प्यायले असेल तर लघवी पातळ होते आणि रेघ फिकटच येते. पत्र्याखाली तापलेले किंवा तारीख उलटलेले किट वापरू नका.

दुसऱ्यांदा रेघ गडद झाली तर दवाखान्यात नाव नोंदवा. फिकटच राहिली, किंवा रेघ नाही आणि पाळीही नाही असा आठवडा गेला, तर डॉक्टरांना भेटा. ते रक्तातले एचसीजी तपासायला सांगतील, कधी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा. काही त्रास नसेल तर सोनोग्राफीची घाई नको. शेवटच्या पाळीपासून सहा-सात आठवडे होण्याआधी पुष्कळदा काही दिसत नाही आणि उगाच धास्ती बसते. कधी फिकट रेघेनंतर चार दिवसांनी पाळी येते. गर्भ रुजून लगेच सुटलेला असतो. हे बऱ्याच जणींना होते. कळशी उचलल्याने किंवा पपई खाल्ल्याने ते होत नाही, तेव्हा सुनेला बोल लावू नये.

खरा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा आहे, मग त्या ‘पाळी येण्याच्या’ असोत की गर्भपाताच्या. गर्भ कधी पिशवीत न रुजता नळीत रुजतो. तेव्हाही रेघ फिकट असू शकते, आणि गर्भपाताच्या गोळीने तो गर्भ जात नाही. थोडे रक्त गेले की बाईला वाटते मोकळी झाले, आणि आत नळी वाढत जाऊन फुटते. पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणे, चक्कर, घाम, अंगावर रक्त जाणे यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करून मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. तांबी बसवलेली किंवा कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेली असून किटवर रेघ आली, तर त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी गर्भ नळीत असण्याची शक्यता अधिक असते.

मूल नको असेल तरी आधी तपासणीच. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाई १८ वर्षांपुढची असेल तर तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. डॉक्टरांनी तिचे नाव गुप्त ठेवायचे असते.

मूल हवे असेल तर फोलिक ॲसिडच्या गोळ्या लगेच मागून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत त्या बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी लागतात.

जाताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून न्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. आठवत नसेल तर तसे सांगा, अंदाजे तारीख सांगू नका. पुढे सोनोग्राफीवरून दिवस काढता येतात.