डॅशबोर्ड कापू नका, गाणं आत सोडा!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी किंवा मोठ्या काकांची अ‍ॅम्बेसेडर अजून अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे? आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, देवळी, कुठंही राहत असा, अशी एखादी गाडी तुमच्या ओळखीत असेलच. बॅटरी नवीन टाकली, कार्बोरेटर साफ केला, गाडी एकदाची सुरू झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: गाणी कशी लावायची? डॅशबोर्डच्या मधोमध दोन गोल बटणं आणि सरकत्या काट्याची काचपट्टी असलेला रेडिओ असतो. तो मुका तरी असतो, नाहीतर नुसता खरखरतो. मग कुणीतरी मित्र सांगतोच, ‘‘काढून फेक ना बे, टचस्क्रीन बसव.’’

एक मिनिट थांबा. टचस्क्रीन बसवायला बहुतेक वेळा डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागतो आणि कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं केव्हाच थांबलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनंही निरोप घेतला. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं. म्हणजे आहेत तेवढ्याच गाड्या. त्यात केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. या नियमाला रेडिओशी देणंघेणं नाही, पण जुन्या गाड्यांच्या रॅलीत परीक्षक डॅशबोर्डसुद्धा बघतात.

शिवाय त्या डब्याला स्वतःची गोष्ट आहे. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीनं गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ नाव दिलं. पुढं कंपनीचंच नाव ते झालं. आपल्याकडं रेडिओ ऐकायला लायसन लागायचं, तेही पोस्टातून. वर्ध्याहून नागपूर जेमतेम ७५ किलोमीटर. तिथं १९४८ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झालं. मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ हा त्याचा पत्ता. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आणि गाड्यांत रेडिओचा काटा तिथंच थांबायचा.

आता मुद्द्याचं. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर घ्यायला निघाला असाल तर पैसे वाचवा. तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि तुमचा जुना रेडिओ फक्त मीडियम वेव्ह ऐकतो. दोघांची गाठच पडणार नाही. गाडीत नंतर बसवलेला एफएमवाला सेट असेल, तरच त्याचा उपयोग.

गाडीत कॅसेट प्लेअर असेल तर काम सर्वांत सोपं. वायर लावलेली नकली कॅसेट मिळते, तिला कॅसेट अ‍ॅडॉप्टर म्हणतात. तिच्यात टेप नसते, एक छोटं हेड असतं. फोनमधून येणाऱ्या सिग्नलनं त्याचं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि प्लेअरच्या हेडला वाटतं, समोर टेपच फिरतेय. गाडीला हात न लावता काम फत्ते.

नुसता रेडिओ असेल तर त्याच्या पोटात शिरावं लागतं. रेडिओचे दोन भाग समजा. पहिला भाग हवेतून स्टेशन पकडतो, दुसरा भाग आवाज मोठा करून स्पीकरला देतो. दोघांच्या मध्ये व्हॉल्यूमचं बटण असतं. आपल्याला पहिला भाग टाळून गाणं थेट त्या बटणाशी सोडायचंय. त्यासाठी तिथं एक छोटा स्विच बसवतात: एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला फोन. जुना रेडिओ मोनो असतो, म्हणून फोनचे डावा-उजवा असे दोन आवाज एकत्र करावे लागतात. दोन्ही वायरी थेट पिळून जोडू नका. प्रत्येकीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडा आणि पुढं एक मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा कपॅसिटर टाका. हे सगळं सामान चहा-समोश्याच्या खर्चात येतं. आजच्या बऱ्याच फोनला हेडफोनचं भोकच नसतं, तेव्हा सोबत एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या.

तीन गोष्टी मात्र आधी तपासा. एक, बॅटरीचा कुठला टोक बॉडीला जोडलाय? आज सगळीकडं मायनस असतो, पण काही जुन्या गाड्यांत प्लस असतो. अशा गाडीत त्याच बॅटरीवर चालणारा रिसीव्हर जोडला तर शॉर्ट होऊ शकतो. स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर घेतला की ती भीती जाते आणि इंजिनाबरोबर चढणारी शिटीही बरीच कमी होते. दोन, रेडिओ लावल्यावर उबायला वेळ घेत असेल तर तो व्हॉल्व्हचा असू शकतो. त्याच्या आत बारा व्होल्टचे दीडशे-दोनशे व्होल्ट होतात, तेव्हा तो यूट्यूब बघून उघडायचा नाही. तीन, रेडिओच्या वायरीला फ्यूज आहे ना? जुन्या वायरींचं कव्हर उन्हानं तडकतं आणि विदर्भातलं ऊन काय चीज आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

सर्किट पार जळालेलं असेल तर? तरी डबा फेकू नका. आत नवा ब्लूटूथ बोर्ड बसवून बाहेरची बटणं आणि काचपट्टी तशीच ठेवता येते. काढलेलं जुनं सर्किट पिशवीत बांधून डिकीत ठेवा. उद्या कुणाला ते दुरुस्त करावंसं वाटलं तर सापडायला हवं. आणि यातलं काहीच झेपत नसेल तर सीटखाली ब्लूटूथ स्पीकर ठेवून मोकळे व्हा. त्यातही पत्रा शाबूत राहतो.

कसोटी एकच: आज केलेला बदल दहा वर्षांनी काढून टाकता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल करा.

आणि हे काम शिकायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. तुमच्या गावच्या बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एखादं जुनं दुकान अजून उघडं असेल. तिथल्या काकांकडं रेडिओ घेऊन जा, पण ठेवून येऊ नका, शेजारी बसा. व्हॉल्यूमचं बटण कुठं सोल्डर करायचं, हे त्यांना डोळे मिटून कळतं. इंजिनीअरिंग किंवा आयटीआयला असाल तर हे प्रॅक्टिकल कुठल्याच जर्नलमध्ये मिळायचं नाही. आणि दुकान बंद झाल्यावर ते विचारायलाही कुणी उरणार नाही.