दऱ्यांचा दर्या : नवा संगणक आणि जुने मराठी लेखन

गेल्या दिवाळीत आमच्या घरी दोन यंत्रे आली. माझ्यासाठी नवा संगणक आणि धाकट्या मुलासाठी टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल. हजीऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी बोनसच्या महिन्यात असे काही ना काही येतेच. या दोन यंत्रांनी पहिल्या दोन दिवसांतच माझ्या मराठीची जी दशा केली, तिचे कारण शोधताना जे समजले ते इथे लिहीत आहे. मी भाषेचा अभ्यासक नाही, संगणकाचा तर मुळीच नाही. पाळीवर काम करणारा आणि उरलेल्या वेळात लिहिणारा माणूस आहे. पण ज्यांच्या कपाटात जुन्या सीडी आणि त्यांवर मराठी फाइली पडून आहेत, अशा लेखक-शिक्षकांना यातले काही उपयोगी पडावे.

आधी माझ्या फाइलीविषयी. माझी आई धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली. तिच्या गावचे पाणी पांझरेतून तापीला मिळते आणि तापी इथे हजीऱ्याजवळ समुद्राला. वडील गेल्यावर ती आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. इथे जाते नव्हते, तरी पहाटे तिच्या ओव्या चालत. त्या मी वह्यांत उतरवून घेतल्या आणि 2002-03 च्या सुमारास, पाळी संपल्यावर बसून, संगणकावर टंकलिखित केल्या. तीनशे चाळीस ओव्या, निम्म्याहून अधिक अहिराणीत. वह्या अडाजणला मेव्हण्यांकडे दिल्या होत्या. ऑगस्ट 2006 च्या तापीच्या पुरात त्यांच्या तळमजल्याबरोबर त्याही गेल्या. आई पुढे तीन वर्षांनी गेली. म्हणजे उरली ती फाइल. ती मी जुन्या संगणकावर सांभाळून होतो. त्या संगणकाचा मदरबोर्ड गेल्या वर्षी बसला आणि फाइल नव्यावर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, टोपीवाली फ्रेंच अक्षरे, पौंडाची चिन्हे आणि कंसांच्या रांगा. एकही ओवी नाही.

फाइल बिघडली असे वाटते, पण बहुधा ती बिघडलेली नसते. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट मिळे, म्हणजे एकूण 256 आकडे. त्यातले पहिले 128 आस्की या अमेरिकी संकेताने इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांना वाटून दिलेले. मराठी डीटीपीचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा स, पूर्ण थ, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरच असे. फॉन्ट त्याच्या अंगावर मराठी कपडे चढवी. फॉन्ट काढून घेतला की कपडे गेले. त्यातही प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. एकीच्या फॉन्टात ज्या आकड्याला क, त्याच आकड्याला दुसरीच्या फॉन्टात एखादी अर्धी बाराखडी.

आपल्याकडे प्रमाण नव्हते असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाबरोबर भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत तयार झाला. 1988 मध्ये तो आला, 1991 मध्ये भारतीय मानक ठरला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. पण छापखान्यांना कागदावर सुंदर अक्षर हवे होते आणि ते फॉन्टच्या युक्तीने लगेच मिळत होते. त्या लोकांना आज नावे ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय विंडोजमध्ये देवनागरी नीट जुळवायची सोय विंडोज 2000 पासून आली. एक्सपीतही रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. 2003 मध्ये आमच्या वसाहतीत ही चौकट कुणाला ठाऊक नव्हती. मलाही नव्हती.

माझ्या सॉफ्टवेअरला तर कुलूपही होते. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत बसणारा डोंगल. तो लावल्याशिवाय टाइप होत नसे. डोंगल अजून ड्रॉवरमध्ये आहे, पण नव्या संगणकाला तशी खाचच नाही. विकणाऱ्या दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हे कशाचे आहे असे मलाच विचारले.

मग परिवर्तक शोधले. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी ही साधने आहेत आणि बरीच फुकट मिळतात. फॉन्टचे नेमके नाव माहीत असणे मात्र आवश्यक. एकाच कुळातल्या दोन फॉन्टांची वाटणीही थोडी वेगळी असू शकते. परिवर्तकाला केवळ आकडे बदलून भागत नाही. जुन्या फाइलीत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'स्थिती' लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो, पण बोलताना ती थ नंतर येते. परिवर्तकाला ती उचलून 'स्थ' या पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते. जोडाक्षर कुठे संपते हे चुकले की वेलांटी मध्येच अडकते आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. 'कर्म'मधला रफार उलट दिशेने, म च्या डोक्यावरून उतरवून म च्या आधी आणावा लागतो.

इथपर्यंत माझा परिवर्तक ठीक चालला. तो घसरला आपल्या खास मराठी अक्षरावर. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको: पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. रफार आणि अर्धा ऱ असा हा भेद हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली साधने तो गिळून टाकतात. माझ्या फाइलीत सगळीकडे 'दुसर्या', 'तुझ्या घरच्या पायर्या', 'सुर्या', 'हजीर्यात' असे झाले. मी राहतो त्या गावाचे नावही सुटले नाही! आणि आईच्या ओव्यांत डोंगर आला की मागोमाग दऱ्या येतात. त्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी समुद्र.

युनिकोडमध्ये या अर्ध्या ऱ ची सोय आहे, पण ती दोन तऱ्हांनी आहे आणि इथे घोळ वाढतो. एक तऱ्हा : नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे अदृश्य चिन्ह. दुसरी : 0931 क्रमांकाचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र अनेक सॉफ्टवेअरना ते वेगळे शब्द वाटतात, म्हणून एका तऱ्हेने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या तऱ्हेने शोधल्यास सापडत नाही. शिवाय काही कार्यक्रम अदृश्य चिन्हांना कचरा समजून पुसून टाकतात; मग पहिल्या तऱ्हेचा शब्द तेवढा कोसळून रफार होतो, दुसरी तऱ्हा टिकते. मी तरी आता दुसरीच वापरतो. एखाद्या शाळेने किंवा संपादकमंडळाने आपल्यापुरते एक ठरवून घेतले तरी पुष्कळ त्रास वाचेल.

'ॲ' ची गोष्ट अशीच. अ वर चंद्र हे मराठीचे रूप. युनिकोडमध्ये पूर्वीपासून होते ते ए वर चंद्र असलेले 'ऍ'. आपल्या रूपाला 0972 हे स्वतंत्र घर 2008 च्या 5.1 आवृत्तीत मिळाले. त्यामुळे त्याआधीच्या 'ऍसिड' आणि नंतरच्या 'ॲसिड' या दोन शब्दांची यंत्राला ओळख नाही. ल आणि श यांचेही तेच. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या लिपीविषयक निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे आहेत. पण सर्व देवनागरी भाषांसाठी केलेल्या फॉन्टात सहसा हिंदी वळण आधी उमटते. फॉन्टात मराठी वळण आत दडलेले असू शकते. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली तरच ते वर येते. पहिलीच्या मुलाला फळ्यावर एक ल आणि पडद्यावर दुसरा ल दिसतो, त्याचे उत्तर बऱ्याचदा या एका निवडीत असते. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या 'यशोमुद्रा'सारख्या फॉन्टांत हा प्रश्नच येत नाही.

युनिकोडमध्ये लिहिलेले सगळे सुखरूप असते असेही नाही. विंडोजवर वर्षानुवर्षे मराठी मजकूर 'मंगल' या फॉन्टात असे. तो केला र. कृ. जोशी यांनी, कवी आणि सुलेखनकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच. विंडोज 8 बरोबर 'निर्मला' आला आणि विंडोज 10 पासून मंगल हा मुळात न येणारा, मागितला तर उतरवून घ्यायचा फॉन्ट झाला. तो नसलेल्या संगणकावर मंगलमधली प्रश्नपत्रिका उघडली की दुसरा फॉन्ट त्याच्या जागी बसतो, ओळींची उंची बदलते आणि 'जोड्या लावा'चा अर्धा भाग पुढच्या पानावर जातो. अक्षर एकही बदललेले नसते. सेटिंगच्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट आहेत. ते उतरवले की पाने जागेवर येतात.

हे सगळे आताच का सांगायचे? विंडोज 10 ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, ती नसलेले कितीतरी धडधाकट संगणक बाद ठरतात. घरोघर आणि शाळांतून जुनी यंत्रे भंगारात जात आहेत. त्यांच्याबरोबर फॉन्टही जातील. जुना संगणक चालू असेल तोवर त्याच्या फॉन्टच्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी. माझे काम निभावले ते एका सहकाऱ्याने 2005 साली जाळलेल्या सीडीवर तो फॉन्ट होता म्हणून. पीडीएफवर विसंबू नये. जुन्या फॉन्टातली पीडीएफ दिसते छान, पण तिच्यातला मजकूर उचलायला गेलात की पुन्हा तेच पौंड आणि कंस.

आता मुलाचा कन्सोल. पहिल्याच दिवशी त्याने सॉफ्टवेअरचे अपडेट मागितले, ते उतरेपर्यंत रात्र झाली. मग खेळाडूचे नाव. मुलाला ते देवनागरीत हवे होते, कारण धुळ्याचा त्याचा दादा त्याच खेळात असतो आणि दोघांचे बोलणे मराठीत. यंत्राच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती, पडद्यावरच्या कीबोर्डातही नव्हती. दादाने फोनवरून देवनागरीत पाठवलेला निरोप रिकाम्या चौकोनांच्या ओळीसारखा दिसला. "पप्पा, राहू द्या, इंग्लिशमध्येच टाकतो," असे म्हणून त्याने विषय संपवला. मला तो तसा संपवता आला नाही.

चौकोन दिसतो तेव्हा फॉन्टात ते अक्षरच नसते. पण फॉन्ट घातल्याने काम होतेच असे नाही. वेलांटी मागे नेणे, रफार वर चढवणे, जोडाक्षर जुळवणे हे काम करणारा वेगळा कार्यक्रम लागतो. संगणकात आणि फोनमध्ये तो असतो, म्हणून आपल्याला जाणवत नाही. खेळ बनवणाऱ्यांची साधने वेगळी. युनिटी या प्रसिद्ध साधनात मजकूर दाखवण्याची जी नेहमीची सोय आहे, तिला बराच काळ भारतीय लिप्यांची ही जुळणी येत नव्हती. 'किल्ला' लिहिला की वेलांटी क च्या पुढे लोंबकळे. बनवणाऱ्यांना भारत ठाऊक नाही म्हणावे, तर तसेही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ 2020 मध्ये कन्सोलवर आला. मराठी मुले खेळतात, मराठी माणसे खेळ घडवतात, फक्त नाव लिहायच्या चौकटीत मराठी नाही.

संगणकावर निदान मागितले तर मिळते. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे आणि 2019 च्या अपडेटपासून उच्चारानुसार टंकनाची सोयही आहे. माझा मुलगा ती दहा मिनिटांत शिकला. माझ्या बोटांत मात्र जुन्या सॉफ्टवेअरचा टंकलेखन यंत्रासारखा कीबोर्ड बसलेला. तीन महिने मी 'क' दाबून भलतेच काही उमटलेले पाहत होतो. आणि अहिराणी लिहायला घेतली की पान लाल होते. 'डोया' लिहिला की शब्दतपासणीची लाल रेघ, 'शे' लिहिले की रेघ. दोन शब्द तर न विचारता 'दुरुस्त' करून दिले. बोली उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही तपासणी आधी बंद करावी, नाहीतर संकलनात बोली राहायची नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली छापली गेली ती सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून. कागदाला लाल रेघ मारता येत नव्हती हे आपले नशीब.

माझ्या तीनशे चाळीस ओव्या आता युनिकोडमध्ये आहेत, साध्या टेक्स्ट फाइलीत, तीन ठिकाणी, आणि एक प्रत कागदावर. दऱ्या परत आणताना मी मूळ फाइलीतले आकडे पाहत गेलो. जुन्या फॉन्टात अर्ध्या ऱ ला स्वतःचे घर होते, त्यामुळे कुठे रफार आणि कुठे ऱ हे कळत होते. दोन ओव्या मात्र अडल्या. अर्धा ऱ काढायला तेव्हा ऑल्ट दाबून चार आकडे मारावे लागत आणि मी बहुधा रात्रपाळीनंतरच्या कंटाळ्यात रफारावर भागवले असावे. म्हणजे तिथे मूळ फाइलीतच 'दर्या' आहे. आईने उतारवयात सुंवालीचा समुद्र पाहिला होता, नंतर ती त्याविषयी बोलतही असे. त्यामुळे त्या दोन ओव्यांत तिने दऱ्या म्हटले की दर्या, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. साक्रीला मावशी आहे, तिला बहुतेक ओव्या पाठ आहेत. फोनवर ऐकू येत नाही. आखाजीला मोठ्या टाइपातली प्रत घेऊन जाणार आहे; ती म्हणेल तसे त्या दोन ठिकाणी लिहीन.