स्टालिन अडला नव्हता

४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री तीन बिशपांना मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये नेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी असे बोलावणे आले असते, तर माघारी येण्याची आशा कुणीच धरली नसती. त्यांच्यातले ज्येष्ठ सर्गेई ७६ वर्षांचे. समोर स्टालिन आणि मोलोतोव्ह, आणि टिपणे घ्यायला कार्पोव्ह नावाचा गुप्त पोलिस खात्यातला अधिकारी. त्या रात्रीबद्दल आपल्याला जे कळते ते मुख्यतः त्याच्याच टिपणामुळे.

तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर सर्गेई म्हणाले, पॅट्रिआर्क हवा. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूची ही गादी १९२५ साली तीखोन वारल्यापासून रिकामी होती. निवडीसाठी परिषद भरवायला महिनाभर लागेल, असे सर्गेईंनी सांगितले. स्टालिनने विचारले, बोल्शेविक वेगाने नाही का जमणार? मग सरकारी विमाने निघाली आणि चौथ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, १९ बिशपांनी सर्गेईंनाच निवडले. राहायला जर्मन राजदूताचा जुना वाडा मिळाला, सामानसुमानासकट.

मला या टिपणातली सर्वांत बोलकी वाटते ती पुरोहितांच्या शिक्षणाची गोष्ट. बिशपांनी भीतभीत छोटे अभ्यासवर्ग मागितले. नुसते वर्गच का, सेमिनरी काढा, अकादमी काढा, असे स्टालिनच सुचवू लागला. तो स्वतः तिफ्लिसच्या सेमिनरीत पाच वर्षे शिकलेला. आणि सर्गेई म्हणतात, तेवढे बळ आता आमच्यात उरलेले नाही.

ते बळ कुणी संपवले, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होते. मॉस्कोचे ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल १९३१ साली सुरुंगाने उडवले गेले. १९३९ पर्यंत देशभरात पदावर असलेले बिशप उरले चार. तरीही १९३७ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील सुमारे ५७ टक्के लोकांनी आपण धर्म मानतो असे लिहून दिले होते, तेही दहशतीच्या ऐन भरात. सरकारने ती जनगणना दडपली आणि ती करणाऱ्यांना पकडले.

मग हा पालट कशाने झाला? आपल्याकडे चटकन उत्तर येते : अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पण तारखा पाहा. हरी खरा अडला होता १९४१ साली. २२ जूनला जर्मन फौजा घुसल्या, त्याच दिवशी सर्गेईंनी देशरक्षणाचे आवाहन लिहिले. स्टालिन जनतेशी बोलला तो ३ जुलैला. पुढे भाविकांच्या वर्गणीतून दिमित्री दोन्स्कोय या नावाची ४० रणगाड्यांची तुकडी उभी राहिली. त्या कठीण काळात चर्चला मिळाले काय? धर्मविरोधी नियतकालिके थांबली, १९४२ च्या ईस्टरला मॉस्कोतली संचारबंदी एका रात्रीपुरती उठली, अशा किरकोळ सवलती. पॅट्रिआर्क मिळाला तो कुर्स्कची लढाई जिंकून, खार्किव्ह परत घेतल्यावर.

माझ्या मते उत्तर पश्चिमेच्या वाटेवर आहे. जर्मनांनी व्यापलेल्या मुलखात हजारो चर्चे पुन्हा उघडली होती. लाल सेना आता तिकडेच निघाली होती. ती चर्चे बंद करावीत, तर सोव्हिएत सत्ता धर्माची वैरी आहे हा जर्मन प्रचार खरा ठरणार. चालू ठेवावीत, तर ती सांभाळणारा आणि आपल्या मुठीतला धनी हवा. सर्गेईंनी १९२७ सालीच सोव्हिएत सत्तेशी निष्ठा जाहीर केलेली होती. शिवाय मित्रराष्ट्रांची तेहरानची शिखर बैठक जवळ आली होती, आणि त्याच सप्टेंबरात यॉर्कचे आर्चबिशप मॉस्कोला आले. त्यांना दाखवायला पॅट्रिआर्क तयार होता.

चर्चचा कारभार पाहायला सरकारी परिषद नेमली गेली आणि तिचा अध्यक्ष झाला तोच कार्पोव्ह. ऑक्टोबरमध्ये ताश्कंदला मध्य आशियातल्या मुसलमानांसाठीही अधिकृत मंडळ निघाले. १९४६ साली पश्चिम युक्रेनचे ग्रीक कॅथलिक चर्च बळजबरीने मॉस्कोच्या पॅट्रिआर्कच्या पदरात घातले गेले. याला धर्माची पुनःस्थापना म्हणणे मला जड जाते. सरकारने एक खाते वाढवले, इतकेच.

त्या रात्री कैदेतल्या बिशपांचाही विषय निघाला होता. यादी द्या, पाहू, असे स्टालिन म्हणाला. सर्गेईंनी ऑक्टोबरमध्ये २६ नावे दिली. त्यांतले बहुतेक केव्हाच मारले गेले होते.