नांदेडच्या मुक्कामातील घड्याळाची शाळा

उन्हाळ्याच्या सुटीत एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो. लग्न आटोपले की एस.टी.ने लातूरला बहिणीकडे जायचे, असा बेत होता. मनगटावर वडिलांचे एच.एम.टी.चे ‘जनता’ घड्याळ. मुहूर्ताला अजून पुष्कळ अवकाश आहे असे समजून मी निवांत आंघोळ केली, चहा घेतला, आणि मंडपात पोचतो तो अक्षता पडून पहिली पंगत बसलेली! घड्याळ मात्र अजून पावणेदहाच दाखवीत होते. किल्ली दिली, हलवून पाहिले, कानाशी धरले. टिकटिक नाही.

दुसऱ्या दिवशी वजिराबादेत विचारीत विचारीत गेलो. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला लागून, काचेची लहानशी पेटी पुढे घेऊन एक वयस्कर घडीसाज बसले होते. आपल्या मराठवाड्यात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला हाच शब्द आहे. सगळे त्यांना मामू म्हणत होते, म्हणून मीही मामू म्हटले. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि म्हणाले, “तेल वाळलंय, धूळ बसलीय. सगळं खोलून धुवावं लागंल. सांजच्याला न्या.”

दिवस मोकळाच होता. मी म्हटले, “मामू, बसून बघू का? जमलं तर हातही लावून बघीन.” ते हसले. “शिकायला तीन वरीस लागत्यात गुरुजी, अन् तुमची एस.टी. उद्याची.” पण मी अर्ध्या दिवसाची मजुरी पुढे केली, तेव्हा त्यांनी डब्यातून एक निकामी घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवले. वडिलांचे घड्याळ काही त्यांनी मला उघडू दिले नाही. “वडलांचं हाय म्हणूनच देत नाही,” ते म्हणाले. “आपल्या मानसाच्या वस्तूवर हात थरथरतो.”

श्रोतेहो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. स्वित्झर्लंडमध्ये प्रवासी असे मुद्दाम करतात. तिथे घड्याळ्यांच्या गावी जाऊन, पांढरा अंगरखा चढवून, अर्धा-एक दिवस यंत्र खोलायचे आणि पुन्हा जोडायचे, अशा कार्यशाळा चालतात. नवशिक्याच्या हाती बहुधा खिशातल्या घड्याळाचे मोठे यंत्र देतात, म्हणजे भाग बोटांना सापडतात. ला शो-द-फाँ आणि ल लोक्ल ही तिकडची घड्याळांची दोन शहरे २००९ मध्ये जागतिक वारसा ठरली, आणि २०२० मध्ये युनेस्कोने खुद्द या हस्तकौशल्यालाच वारशाच्या यादीत घेतले. आमच्या शाळेत पांढरा अंगरखा नव्हता. पांढरा कागद होता, कडा असलेले एक ताट होते, आणि डोक्यावर कापडाच्या दुकानाची ताडपत्री.

आता यंत्राकडे वळू. मनगटी घड्याळाचे यंत्र रुपयाच्या नाण्याएवढे. त्यात काय असते? एका गोल डबीत गुंडाळलेली मोठी कमान असते. आपण किल्ली देतो तेव्हा ती आवळली जाते. ती सैल होऊ पाहते, आणि त्या ओढीने चाके फिरू लागतात. पण नुसती कमान आणि चाके असली तर काय होईल? भरलेल्या हौदाचे बूच काढावे तसे होईल. दीड दिवस पुरणारी किल्ली काही क्षणांत भर्रकन निघून जाईल. म्हणून हौदाशी एक राखणदार बसवलेला असतो. तो एका वेळी ओंजळभरच पाणी सोडतो. हा राखणदार म्हणजे लिव्हर आणि त्याला तालावर ठेवणारे बॅलन्सचे चाक. बॅलन्स इकडून तिकडे झुलते, दर झोक्याला लिव्हरला ढकलते, लिव्हर शेवटच्या चाकाचा दात सोडते आणि लगेच अडवते. जी टिकटिक आपण ऐकतो ती या अडवण्याची. वेळ मोजायची म्हणजे शक्तीला थोडे थोडे सोडायचे आणि दर वेळी अडवायचे, एवढेच.

बॅलन्सचा झोका सारखा पडावा म्हणून त्याच्या आसाला केसासारखी बारीक, चक्राकार कमान असते. तिला मामू ‘बाल कमानी’ म्हणत. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६७५ मध्ये ती घड्याळात आणली, आणि तेव्हापासून खिशातले घड्याळ भरवशाचे होऊ लागले. त्याआधी दिवसाला पाव-अर्धा तास मागेपुढे होणे ही साधी गोष्ट होती.

शिक्षकांसाठी इथे फळ्यावरचे एक गणित आहे. जुन्या पद्धतीच्या मनगटी घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५. मिनिटाचा काटा ज्या चाकावर असतो ते तासातून एकदा फिरते. सेकंदाचे चाक मिनिटातून एकदा. म्हणजे दोहोंत साठपटींचा फरक हवा. एका टप्प्यात साठपट केली तर मोठे चाक घड्याळात मावणार नाही, म्हणून मध्ये एक चाक घालतात. ८० दात्यांचे चाक १० दात्यांच्या लहान चाकाला फिरवते, हे झाले आठपट. त्याच आसावरचे ७५ दात्यांचे चाक पुढच्या १० दात्यांना फिरवते, हे साडेसातपट. आठ साडेसाते साठ! पुढे सेकंदाच्या चाकाचे ७० दाते शेवटच्या चाकाच्या ७ दात्यांना फिरवतात, म्हणजे दहापट. शेवटच्या चाकाला १५ दात, प्रत्येक दाताला दोन ठोके, म्हणून एका फेऱ्याला ३०, मिनिटाला ३००, तासाला १८,०००. हिशेब जुळला. घड्याळागणिक दात्यांची संख्या बदलते, पण गुणाकाराची रीत हीच. पाचवी-सहावीच्या मुलांना अपूर्णांक याहून चांगला कुठे भेटेल, मला ठाऊक नाही.

उघडण्याचे काम सोपे वाटले. काटे उचलले, तबकडी काढली. मी सरळ लिव्हरच्या पेचाला पेचकस लावणार तोच मामूंनी मनगट धरले. “आधी किल्ली सोडा! हौद भरलेला हाय ना तुमचा?” खरेच की. कमान आवळलेली असताना लिव्हर काढली तर चाके सुसाट फिरतात आणि आसांची टोके मोडतात. डबीवरच्या चाकाला अडवणारी खिटी बाजूला करून, किल्लीचे बटण चिमटीत धरून, कमान हळूहळू सोडायची. मग बॅलन्स, मग लिव्हर, मग चाकांवरची पट्टी, मग चाके, शेवटी कमानीची डबी. जे जे निघेल ते त्याच क्रमाने कागदावर मांडायचे. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवला तर फार बरे. मामूंना फोटोची गरज नव्हती.

घड्याळावर ‘१७ ज्युएल्स’ लिहिलेले आपण वाचतो आणि आत माणके आहेत म्हणून खूश होतो. माणके आहेत खरी, पण ती दागिन्यासाठी नव्हेत आणि मोलाचीही नव्हेत. ती कृत्रिम असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नय याने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून ती स्वस्त झाली. बैलगाडीच्या आसाला जशी पोलादी बुश, तसे चाकांच्या आसांना माणकाचे भोक. पोलाद त्यावर झिजत नाही. सतरांची साधारण वाटणी अशी: तीन चाकांना आणि शेवटच्या दात्याच्या चाकाला दोन-दोन, लिव्हरच्या आसाला दोन, लिव्हरच्या दोन टोकांना दोन, बॅलन्सला वरखाली मिळून चार, आणि बॅलन्सच्या खुंटीचे एक.

धुणे झाले. मामूंनी माझ्यासमोर वडिलांच्या घड्याळाचे सुटे भाग पेट्रोलात बुडवून ब्रशने साफ केले, लाकडाची टोकदार काडी माणकाच्या भोकात फिरवली. काडी काळी निघाली. मला वाटे, किल्ली जास्त दिली की घड्याळ बंद पडते. मामू म्हणाले, किल्लीनं कुठलं बंद पडतंय. हे वाळलेले तेल चाकांना धरून ठेवते. किल्ली पूर्ण दिलेली आणि घड्याळ थांबलेले, म्हणजे बहुतेक वेळा साफसफाई हवी. किल्ली फिरवताना हाताला काही लागतच नाही, तर मात्र कमान तुटलेली समजावी.

आता जोडणी. इथे माझी गुर्मी उतरली. चाके आपापल्या जागी उभी केली, त्यांवर पट्टी ठेवली. प्रत्येक आसाचे वरचे टोक पट्टीतल्या आपल्या भोकात जायला हवे. ती टोके डोक्याच्या केसाएवढी जाड! एक बसवावे तर दुसरे निसटते. चिमट्याने या चाकाला ढोसा, त्याला ढोसा. कपाळाचा घाम तबकडीवर पडला. अर्धा तास गेला. शेवटी पट्टी बसल्यासारखी वाटली आणि मी पेच आवळू लागलो. “आवळू नका,” मामू म्हणाले. “आधी डबीचं चाक बोटानं जरा फिरवा. सगळी चाकं भिरभिरली तरच पेच.” फिरवले. तिसरे चाक हलेना. त्याचे टोक भोकाच्या काठावर बसले होते. पेच आवळला असता तर मोडलेच असते. मामूंच्या डब्यात अशी मोडलेली चाके मूठभर होती; ती त्यांच्या तीन वर्षांतली, असे त्यांनी सांगितले.

तासाभराने चाके भिरभिरली. लिव्हर बसवली, किल्लीचे दोन फेरे दिले. चिमट्याने लिव्हरला स्पर्श करताच ती टपकन दुसऱ्या बाजूला गेली. मग बॅलन्स हळूच खाली सोडला. तो जागेवर टेकला न टेकला तोच आपण होऊन झुलू लागला! निकामी म्हणून डब्यात पडलेले घड्याळ टिकटिक करीत होते. शेजारचा कापडवाला उठून बघायला आला. चार मिनिटांनी ते थांबले, ही गोष्ट वेगळी. मी तेल फार घातले होते. सुईच्या टोकावर येईल तेवढा थेंब पुरे. मी पणतीत घालावे तसे घातले.

संध्याकाळी वडिलांचे घड्याळ चालू होऊन हातात आले. मी विचारले, “भाग मिळतात का हो याचे?” बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच.एम.टी.ने घड्याळे करायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये तो घड्याळांचा उद्योग बंद झाला. नवे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. मामू जुनी बंद घड्याळे विकत घेतात आणि एकाचा भाग दुसऱ्याला लावतात. सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ १९६९ मध्ये जपानात बाजारात आले. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यामुळे ते अधिक नेमके आणि स्वस्तही. बहुतेक गिऱ्हाईक आता सेल बदलायला येते. मामूंचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. शिकायला कोण येतं, विचारल्यावर त्यांनी माझ्याकडेच बोट दाखवले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर मार्गे एस.टी.ने लातूरला पोचलो. एका रात्रीत घड्याळ दहा मिनिटे पुढे गेले होते! मनात आले, मामूंनी काही राहू दिले की काय. गंजगोलाईजवळ एका घडीसाजाकडे गेलो. त्याने घड्याळ एका लहान होकायंत्राजवळ नेले. सुई गरकन फिरली. “साहेब, हे कशाजवळ ठेवलं होतं?” प्रवासात घड्याळ काढून मी मोबाइलच्या खिशात ठेवले होते, आणि त्या मोबाइलच्या कव्हरला चुंबकाचे बटण. बाल कमानीला चुंबकत्व आले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी होते, आणि बॅलन्स घाईघाईने झुलतो. त्याने एका विजेच्या पेटीवर घड्याळ धरले, बटण दाबले, हळूहळू दूर नेले. काम झाले. पैसे घेतले वीस रुपये.

मग त्याने झाकण उघडून आत पाहिले. बराच वेळ पाहत राहिला. “धुलाई फार स्वच्छ झालीय. कुठं केली?” मी नांदेडचे सांगितले. त्याने ड्रॉवरमधून बॅलन्सचा आस तुटलेले एक ‘जनता’ काढून दाखवले. चार महिने भाग मिळत नाही म्हणून पडून होते. “त्यांच्याकडं असंल का हो हा आस?” मी वजिराबादची ती पायरी कुठे, कापडाचे दुकान कोणते, हे त्याला कागदावर नकाशा काढून दिले.