रक्त दिसलं नाही, म्हणजे कर्करोग नाही?

सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला माठ थेंबथेंब गळत असला, तरी नागपूरच्या उन्हात फरशी कोरडीच दिसते. थेंब आधीच वाळलेला असतो. विष्ठेतलं छुपं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी अशीच फसते. ती आतड्यातली गाठ पाहत नाही, फक्त रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन शोधते. गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही. चपट्या गाठींतून तर कमीच. शिवाय मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचं रक्त लांबच्या प्रवासात विघटित होतं. म्हणून एका तपासणीत साधारण पाचांतला एक कर्करोग निसटतो. मग चाचणी निरुपयोगी? मुळीच नाही. चार सापडतात, आणि ठरावीक काळाने ती पुन्हा केल्यास निसटलेलाही हाती लागू शकतो. मात्र शौचावाटे रक्त, अकारण घटणारं वजन किंवा रक्तक्षय असेल, तर ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटून आतड्याच्या दुर्बीण तपासणीबद्दल विचाराच.