वनस्पतींचा भ्रूण : विकास आणि व्याख्या

बीजात सुप्तावस्थेत असणाऱ्या बालवनस्पतीस भ्रूण म्हणतात. ‘फलित अंडकोशिकेपासून उत्पन्न होणारा तो भ्रूण’ ही त्याची रूढ व्याख्या होय. ती कितपत पुरेशी आहे हे ठरविण्यापूर्वी भ्रूणाची घडण ध्यानात घ्यावयास हवी.

सपुष्प वनस्पतींत परागनलिका दोन पुंयुग्मके गर्भकोशात आणून सोडते. एकाचा अंडकोशिकेशी संयोग होऊन भ्रूणाचा आरंभ होतो. दुसऱ्याचा मध्यवर्ती कोशिकेशी संयोग होऊन पुष्क, म्हणजे भ्रूणाचे अन्न, तयार होते. हे द्विफलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये उजेडात आणले. फलित अंडकोशिकेचे पहिले विभाजन बहुधा आडवे असते. मोहरीच्या कुळात वरच्या लहान कोशिकेपासून मुख्यतः भ्रूण, तर खालच्या मोठ्या कोशिकेपासून मुख्यतः त्याला आधार व अन्न देणारा आलंबक बनतो. भ्रूण प्रथम गोलाकार असतो. दोन दलिकांचे उंचवटे दिसू लागताच तो हृदयाकार होतो. दलिकांच्या मधोमध प्ररोहाचे अग्र, तर विरुद्ध टोकास मूळाचे अग्र निश्चित होते.

परंतु जंबेरीच्या एका बीजात पुष्कळदा अनेक भ्रूण आढळतात. त्यांपैकी बहुतेक अंडकोशिकेपासून नव्हे, तर तिच्या भोवतालच्या प्रदेह नामक ऊतकातील अफलित कोशिकांपासून झालेले असतात. त्यांचे आनुवंशिक गुण मातृवृक्षाचेच असतात. म्हणूनच नागपुरी संत्र्याचा डोळा भरण्यासाठी जंबेरीचे एकसारखे खुंट बीजापासून मिळू शकतात. याउलट हापूस आंब्याच्या बीजात फलनजन्य असा एकच भ्रूण असतो. त्याच्या रोपात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, यास्तव कलम करावे लागते. भ्रूणाच्या उगमाचा प्रश्न बागाइतदाराच्या दृष्टीने असा निर्णायक ठरतो.

१९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीश महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढवून त्यांतून भ्रूण मिळविले. हे भ्रूण परागकणांपासून झालेले होते. त्यांत २४ ऐवजी १२ रंगसूत्रे असतात. अशा एकगुणित रोपांतील रंगसूत्रे दुप्पट केली असता शुद्ध वाण एकाच पिढीत हाती येतो; पीकसुधारणेत या पद्धतीचा उपयोग झाला आहे.

तेव्हा फलन हे भ्रूणाचे नेहमीचे कारण असले, तरी त्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. एका टोकास प्ररोहाग्र व दुसऱ्या टोकास मूलाग्र असलेली, स्वतंत्र वनस्पती होण्यास समर्थ अशी रचना जंबेरीच्या प्रदेहात व धोतऱ्याच्या परागातही सिद्ध होते. भ्रूणाची व्याख्या उगमावरून न करता या रचनेवरून करणे अधिक युक्त होय.